मूठभर मोहफुलं

सुगंधा मॅडमच्या पोटात दुखत होतं आणि ते दुखणं ओव्याने, हिंगाने किंवा डॉक्टरच्या गोळीने थांबणारं नव्हतं. उगाच आडपडदा कशाला? बाईंना हेवा वाटत होता. तोही कुणा परक्याचा नाही. ज्या पोरीला त्यांनी स्वतः हाताला धरून स्टेजवर चढवलं, पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला, त्या प्रिस्किलाचा.

विसरवाडीहून आत वळलं की गुजरातच्या अंगाला डोंगर सुरू होतात. तिथल्या एका गावच्या हायस्कुलात बाई विज्ञान शिकवत. मूळच्या सारंगखेड्याच्या, तापीकाठच्या. लग्न होऊन विसरवाडीला आल्या. नवऱ्याचं, चुनीलालचं, हायवेला टायरचं दुकान. रोज सकाळी बाई स्कूटीवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघायच्या आणि संध्याकाळी रिकामा डबा, रिकामी बाटली घेऊन परत यायच्या. आयुष्य त्या गावात गेलं, पण गावातल्या एकाही घरी त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. कुणी अगत्याने पुढे केलंच तर म्हणायच्या, आज माझा उपास. आठवड्याचे सगळे वार कुठल्या ना कुठल्या देवाचे असतातच, त्यामुळे अडचण अशी कधी आली नाही.

पण शिकवायला बाई पक्क्या. आणि विज्ञान प्रदर्शन म्हटलं की मग विचारूच नका. लहानपणी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. टांग्याला जुंपलेल्या घोड्याभोवती कुणी उभं राहत नाही, गर्दी होते ती ढोलावर नाचणाऱ्या घोड्याभोवती. हेच तत्त्व त्यांनी शाळेत आणलं. थर्माकोल, रंगीत कापूस, बारके दिवे, नवापूरचा पेंटर आणि एक चुणचुणीत पोरगं, ज्याला भाषण पाठ आहे. पवनचक्की फिरायची, ज्वालामुखी फसफसायचा, पोरगं न अडखळता बोलायचं, आणि ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात यायची. पोरांना त्यांचा एकच मंत्र होता. परीक्षकांनी विचारलं तेवढंच सांगायचं. जास्त बोललं की माणूस फसतो.

प्रिस्किला गावित ही त्यांची सगळ्यात गाजलेली विद्यार्थिनी. वरच्या पाड्यातल्या शेतमजुराची मुलगी, लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली. पोरीने ज्वालामुखी जन्मात पाहिला नव्हता, तरी असा सांगितला की नंदुरबारच्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या दिवशी तिला स्वतःच्या पैशाने कुल्फी खाऊ घातली आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक वर्गाला ती गोष्ट सांगितली. माझी प्रिस्किला, माझी प्रिस्किला. वर्गाला ते नाव पाढ्यासारखं पाठ झालं.

मग प्रिस्किला बी.एस्सी., बी.एड. होऊन त्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली, आणि 'माझी' हा शब्द गळून पडला.

पहिले काही दिवस बरे गेले. पोरगी पाया पडली, बाईंनी पेढे वाटले. पण हळूहळू बाईंच्या लक्षात यायला लागलं, की मधल्या सुट्टीत टेबलावर जी बोरं, जी सीताफळं यायची, ती आता पलीकडच्या टेबलावर जातात. प्रिस्किला पोरांशी त्यांच्या घरच्या कोकणीत, म्हणजे डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलायची. बाईंच्या वर्गात बाकाखाली लपणारी पोरं तिच्या वर्गात हात वर करून भांडायची. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की बाईंच्या हातातला खडू तुटायचा. एवढं हसण्यासारखं विज्ञानात असतं तरी काय? त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, त्यांना कधी हसू आलं नव्हतं.

घरी त्या चुनीलालपाशी धुसफुसायच्या. कालची पोरगी आणि मुख्याध्यापक मला म्हणतात, मॅडम, तिच्या तासाला जाऊन बसा. मी बसू? चुनीलाल शांत माणूस. आयुष्यभर पंक्चर काढलेली, हवा कुठून जाते ते त्याला बरोबर कळायचं. तो म्हणाला, "अवं, पोरगी तुन्हीच शे ना? तिन्हं नाव व्हयनं म्हंजे तुन्हंच व्हयनं."

"तुमले काय समजस त्यामा," असं म्हणून बाईंनी त्याच्या ताटात भाकरी आपटली.

आणि त्यात ते मोहाचं प्रकरण निघालं. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात मोहाचं एक जुनं झाड आहे. डोंगरात रीत अशी, की मोह पडायला लागला की झाडाखालचा पाचोळा पेटवायचा. जमीन उघडी झाली की पहाटे पडलेली फुलं नजरेला पडतात. पण ती आग दर वेळी झाडाखाली थांबतेच असं नाही. वारा आला की रानात शिरते. शिवाय फुलांना माती लागते, राख लागते. प्रिस्किलाने आठवीच्या पोरांना विचारलं, पाचोळा न पेटवता फुलं कशी वेचता येतील? उत्तर तिने सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक नव्हतं, आणि हे तिने वर्गासमोर कबूल केलं. शिक्षकाने वर्गासमोर 'मला माहीत नाही' म्हणायचं! बाईंना हे ऐकूनच भोवळ आली.

पोरांनी घरोघरच्या जुन्या साड्या मागितल्या, मासे धरायचं फाटकं जाळं आणलं, बांबू तोडले आणि झाडाखाली जाळं टांगलं. पहिल्या दिवशी सपाट बांधलं, तर वाऱ्याने निम्मी फुलं बाहेर उडवली. मग दवाने साड्या भिजून लोंबल्या. एकदा शेळीने कोपरा खाल्ला. बाई खिडकीतून हे सगळं पाहत होत्या आणि प्रत्येक फजितीला त्यांच्या जिवाला थंडावा मिळत होता. पण कार्टी हटायला तयार नव्हती. झोळीसारखा उतार दिला, मध्ये भोक ठेवलं, भोकाखाली टोपली. आणि एका सकाळी टोपली भरली. पिवळी, रसरशीत, मातीचा कण नसलेली फुलं. पोरांनी असा गलका केला की मुख्याध्यापक भीमसिंग सर चहा टाकून धावत आले.

बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं ते रिद्धीचं. विसरवाडीच्या किराणा दुकानदार श्रेणिकभाईंची ही मुलगी. रोज स्कूटीवर बाईंच्या मागे बसून शाळेत येणारी, बाईंच्या या वर्षीच्या 'आदर्श गाव' मॉडेलची वक्ता. तीन पानांचं भाषण तिला झोपेत उठवलं तरी येत होतं. एक दिवस ती सरावाला उशिरा आली. गणवेशाला पाचोळा चिकटलेला, हाताला मोहाचा वास, आणि डोळे असे चमकत होते की बाईंनी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं. म्हणाली, मॅडम, आज आम्ही जाळ्याचा उतार बदलला. आम्ही! बाईंनी तिला भाषण पहिल्यापासून म्हणायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा म्हणायला लावलं. पोरीने ते बिनचूक म्हटलं, पण म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती.

हे सगळं बाईंनी गिळलंही असतं. पण मार्चमध्ये भीमसिंग सरांनी बातमी आणली. जिल्ह्याची निवड समिती शाळेत येणार, आणि एका शाळेतून एकच प्रकल्प पुण्याला, राज्याच्या प्रदर्शनात जाणार. सोबत एक मार्गदर्शक शिक्षक. आता हे समजून घ्या, की बाईंच्या सगळ्या ढाली तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या. त्यांची गाडी नंदुरबारच्या पुढे कधी गेली नव्हती. पुण्याच्या स्टेजवर आपलं नाव पुकारलं जावं, ही एकच हौस त्यांनी उराशी धरून ठेवली होती. वय झालं होतं, संधी पुन्हा येईलच असं नव्हतं. आणि त्यांच्या वाटेत उभं होतं ते काय, तर जुन्या साड्यांचं झोळणं!

स्कूटीवरून येता-जाता बाईंची नजर गंगीबाईच्या अंगणाकडे जायची. गंगीबाई ही शाळेमागे राहणारी म्हातारी, एकटी. ते मोहाचं झाड तिचं. शाळेसाठी जमीन तिच्या सासऱ्याने केव्हाच देऊन टाकली होती, पण डोंगरात जमीन गेली तरी झाड जात नाही. दर मोसमात ती पहाटे शाळेच्या आवारात येऊन आपली फुलं वेचायची, आणि शिपाई तिच्यासाठी फाटक उघडं ठेवायचा. यंदा जाळं बांधल्यापासून ती आली नव्हती. पोरं रोज भरलेली टोपली तिच्या दारात ठेवून यायची. फुलं तिचीच आहेत, एवढं प्रिस्किलाला कळत होतं. पण ती टोपली तशीच पडून राहायची. फुलं उन्हात सुकून काळी पडायची, म्हातारी हात लावायची नाही.

प्रिस्किलाला वाटलं, म्हातारी आजारी असेल. वसतिगृहात वाढलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार? बाईंना मात्र पाहताक्षणी उमगलं. झाडाला हात लावायचा तर आधी मालकिणीच्या दारात जाऊन विचारावं लागतं. पोरीने मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, लेखी घेतली, पण जिचं झाड तिला विचारलंच नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी वर्गात कुणालाच शिक्षा केली नाही.

शाळा सुटल्यावर रिद्धीला दुसऱ्या कुणाबरोबर घरी पाठवून त्या गंगीबाईच्या दारी गेल्या. म्हातारी ओट्यावर बसून दोरी वळत होती. तिने घोंगडी पसरून दिली. बाई बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणाल्या. तुमचं झाड केवढं जुनं, त्याची फुलं किती गोड, असं आधी गूळ लावून घेतलं. मग मुद्द्यावर आल्या. तुम्हाला न विचारता त्या पोरीने झाडाला जाळं बांधलं. हा तुमचा केवढा अपमान आहे. दुसरं कुणी असतं तर जाळं टराटरा फाडून फेकलं असतं. परवा मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर या आणि सांगा. बोलताना बाईंनी दोन्ही हातांनी जाळं फाडून दाखवलंसुद्धा.

गंगीबाई हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. ती आत गेली आणि पळसाच्या पानावर भाजलेली मोहफुलं घेऊन आली. बाईंच्या ओठावर उपास आलाच होता. पण त्यांनी विचार केला, आता नाही म्हटलं तर म्हातारी बिथरेल आणि केलेलं काम वाया जाईल. त्यांनी मूठभर मोहफुलं तोंडात टाकली. गोड लागली, मनुक्यासारखी. इतकी वर्षं या गावात काढली आणि ही चव आज कळली, म्हणून त्यांना उगाचच राग आला.

"खाल्लं?" गंगीबाईने विचारलं.

"खाल्लं," बाई म्हणाल्या.

म्हातारीने मान हलवली आणि पुन्हा दोरी वळायला घेतली. बाई हलक्या पावलांनी घरी गेल्या आणि रात्रीच्या जेवणात त्यांनी चुनीलालला आग्रहाने शेवभाजी वाढली. तो बिचारा घाबरलाच.

समिती आली. तिघे साहेब, त्यांच्यात एक बाई. आधी 'आदर्श गाव' दाखवलं. दिवे लागले, कारंजं उडालं, रिद्धी धबधब्यासारखी बोलली. सुगंधा मॅडमची छाती फुगली. मग समितीतल्या बाईंनी सहज विचारलं, की बाळ, तुमच्या या गावात पाणी येतं कुठून? ते भाषणात नव्हतं. रिद्धीने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी छताकडे पाहिलं. टेबलाखाली लपवलेल्या बादलीतून पाणी येत होतं, हे सांगायची सोय नव्हती. साहेब 'छान, छान' म्हणाले आणि पुढे निघाले. 'छान' दोनदा म्हटलं की काम बिघडलं, हे बाईंना अनुभवाने माहीत होतं.

पण त्या डगमगल्या नाहीत. हुकमाचा एक्का अजून यायचा होता. सगळे मोहाखाली जमले. पोरं एकमेकांना मध्येच तोडून बोलत होती, कुणाचं काही पाठ नव्हतं. शेळीचीही गोष्ट सांगून टाकली, आणि साहेब मोकळेपणाने हसले. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. एवढी चूक झालेली सांगतात आणि वर शाबासकी घेतात!

तेवढ्यात फाटकातून गंगीबाई आत आली. काखेत टोपली, पायात काही नाही. म्हातारी सरळ जाळ्यापाशी गेली, साडीचा काठ बोटांनी चाचपला आणि समितीकडे वळून तिच्या बोलीत बोलायला लागली. खूप वेळ बोलली. झाडाकडे हात केला, शाळेकडे केला, मग नेमका सुगंधा मॅडमकडे केला. आणि मग दोन्ही हातांनी हवेत काहीतरी टराटरा फाडलं, अगदी बाईंनी फाडून दाखवलं होतं तसंच. पुढे मुठीतून काही तोंडात टाकल्याची खूण केली आणि थांबली.

इतक्या वर्षांत बाईंना कोकणी बोलता येत नसली तरी समजत होती. एक शब्द सुटला नाही. म्हातारीने चुगली केली नव्हती. जे घडलं ते, जसं घडलं तसं, पहिल्यापासून सांगितलं होतं, बाईंचं 'फाडून टाका'सकट. प्रिस्किलाचा चेहरा ऐकता ऐकता पांढरा पडला होता. पाड्यावरच्या पोरांनाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते साहेबांना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं बाईंच्या मनात आलं.

मोठ्या साहेबांनी प्रिस्किलाला विचारलं, "काय म्हणतात आजी? त्यांची परवानगी आहे ना याला?"

प्रिस्किलाने क्षणभर सुगंधा मॅडमकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून ती म्हणाली, "आहे सर. झाड आजीचं आहे. मी त्यांना विचारलं नव्हतं, ती माझी चूक. म्हणून त्या फुलांना हात लावत नव्हत्या. पण सुगंधा मॅडम त्यांच्या दारी गेल्या, झाडाबद्दल बोलल्या आणि तिथे बसून त्यांची मोहफुलं खाल्ली. आजी म्हणतात, जो झाडाचं नाव काढून मालकिणीच्या दारात तिची मोहफुलं खातो, त्याच्या माणसांना झाडाखाली मनाई नसते. मॅडमनी खाल्लं म्हणजे शाळेने खाल्लं. आता जाळं राहू दे."

मग काय विचारता! समितीतल्या बाईंनी सुगंधा मॅडमचा हात हातात घेतला. म्हणाल्या, अनुभव म्हणतात तो हाच. प्रकल्प कुणीही करील, पण गावाची रीत सांभाळून गावाला सोबत घेणं किती जणांना सुचतं? साहेबांनी तिथेच सांगितलं, की जाळं पुण्याला जाणार, आणि मार्गदर्शक म्हणून दोघींची नावं लागणार. भीमसिंग सरांनी टाळ्या सुरू केल्या. पोरांनीही वाजवल्या, जरा अडखळत, आधी प्रिस्किला टीचरकडे बघून. रिद्धीने मात्र जोरात वाजवल्या. तिला ती बोली येत नव्हती.

जन्मभर जे मागितलं ते असं पदरात पडलं, आणि बाईंना ते कुठे ठेवावं कळेना.

गाड्या गेल्या, पोरं पांगली. गंगीबाई टोपलीत फुलं भरून घेत होती, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. पुण्याला न्यायचं म्हणून प्रिस्किला जाळं उतरवायला बांबूची गाठ सोडत होती. सुगंधा मॅडम तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मनात होतं की सरळ निघून जावं, पण पाय निघेना.

"मधलं ते का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "ते फाडायचं?"

प्रिस्किला गाठच सोडत राहिली. मग म्हणाली, "ते साहेबांनी विचारलं नव्हतं, मॅडम. तुम्हीच शिकवलंय ना, विचारलं तेवढंच सांगायचं."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं, पोरगी शेफारली म्हणता आलं असतं. त्यांनी त्या आवाजात नीट शोधून पाहिलं, पण काही सापडलं नाही. तिच्या जागी आपण असतो तर एवढं पचवलं असतं का, हा प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तरही लगेच आलं. पोरीकडे हेसुद्धा आहे, आणि आपल्याकडे नाही. पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, आधीपेक्षा जास्तच.

प्रिस्किलाने साडीचं दुसरं टोक त्यांच्यापुढे केलं. एकटीला घडी घालता येत नव्हती. बाईंनी ते टोक हातात धरलं, आणि दोघी मिळून जाळ्याची घडी घालायला लागल्या.